चौदा शिड्या

तिला सगळे सूतभर म्हणत. तोंडावर सूतभरताई, पाठीमागे नुसतं सूतभर, आणि तिला दोन्ही ठाऊक होतं. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. मापं कधीच मिलिमीटरमध्ये गेली, तरी ही बाई ब्लॉक बसवताना एक डोळा मिटून म्हणायची, "सूतभर आत घे." समोरच्या गवंड्याला काही दिसायचं नाही. मग तो ओळंबा लावायचा आणि मुकाट्याने ब्लॉक आत घ्यायचा, कारण तो खरोखरच तेवढा बाहेर असायचा. तीस वर्षं काँक्रीटच्या ब्लॉकच्या भिंती उभ्या करणाऱ्या बाईशी वाद कोण घालणार? एकच माणूस घालायचा, तिचा सख्खा धाकटा भाऊ.

लग्न होऊन आली तेव्हा तिला थापी कशी धरतात हेही माहीत नव्हतं. सासरे गवंडी. त्यांचा डबा घेऊन ती कामावर जायची, आणि डबा रिकामा होईपर्यंत उभं राहून करायचं काय, म्हणून त्यांची हत्यारं धुऊन ठेवायची. मग माल कालवायला लागली. एक दिवस सासऱ्यांची कंबर धरली, अर्धा थर तसाच राहिला, तो हिने पुरा केला. सासरे जमिनीला पाठ टेकून पडल्या पडल्या बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली एक थापी तिच्या पिशवीत टाकली. सासूबाईंनी आठवडाभर तोंड फुगवलं ते वेगळं. नवरा बस चालवायचा, त्याचं म्हणणं एवढंच की पायाचं सिमेंट दारात धुऊन मग आत यावं.

सासऱ्यांकडून तिने एक खोडही उचलली. भिंतीला हात लावण्याआधी ती आडव्या वायरची चौकशी करायची. ब्लॉकच्या थरांच्या मधे, मालात, एक वायर निजवतात. दोन लांब तारा आणि त्यांना जोडणाऱ्या काड्या, एवढंच. पण ब्लॉकची भिंत वाळताना आकसते, आकसताना कुठेतरी फाटायला बघते, आणि ती ओढ ही वायर अंगावर घेते. गंमत अशी की भिंत पुरी झाली की वायर कोणाला दिसत नाही. आणि जे दिसत नाही त्यावर लोकांची कात्री आधी चालते, हे काय मी तुम्हाला सांगायला हवं? सूतभर त्या बाबतीत कोणाचं ऐकायची नाही. भिंत लांब किती, तिच्या पोटात उभ्या सळया आहेत का, आत ओल किती, दारं-खिडक्या कुठे, हे सगळं विचारून झाल्याशिवाय ती दुकानाची पायरी चढायची नाही. मालक लोक कंटाळायचे. कंटाळू देत.

आता हिच्या हातच्या भिंतीला तडा जावा, आणि तोही सख्ख्या भावाच्या भिंतीला, याला काय म्हणायचं? पण गेला. अकरा वर्षांपूर्वी तिने भावाच्या लाँड्रीची मागची भिंत बांधली होती. चाळीस फूट लांब, अठरा थर उंच. भिंतीला लागून कपडे धुवायची मोठी मशिनं, ड्रायर, वाफेच्या इस्त्र्या. दीड वर्षात भिंत फाटली. खाली नाही, अकराव्या थरापासून वर, सांध्यासांध्यातून पायऱ्यापायऱ्यांनी छतापर्यंत. भिंत पडण्यासारखी नव्हती, पण तडा नेमका काउंटरवरून दिसायचा. भावाला विनोदाची भारी हौस. गिऱ्हाईक खिशात पावती चाचपत असलं की हा तिकडे बोट दाखवून म्हणायचा, आमच्या ताईने बांधली आहे, वर जायला जिना फुकट काढून दिलाय.

पहिल्यांदा ती हसली. दुसऱ्यांदाही हसली. तिसऱ्यांदा एक अनोळखी बाई हसली, तेव्हा मात्र तिला ते लागलं. त्या दिवसापासून तिने लाँड्रीच्या काउंटरपुढे पाऊल टाकलं नाही. भावाच्या घरी जायची, जेवायची, भाच्यांचे लाड करायची, भावजयीशी तासन्‌तास गप्पा मारायची. लाँड्रीचं नाव निघालं की हिला घरी जायची घाई व्हायची.

खरी गोष्ट तिने कोणालाच सांगितली नव्हती. वायर कमी पडली होती. दहा-दहा फुटांचे चाळीस नग लागणार होते, एकाआड एक थरात घालायला, टोकं एकमेकांवर वीतभर चढवून. चाळीस मोजून आणले असं तिला पक्कं आठवत होतं. पण दहावा थर झाल्यावर बघते तर चारच उरलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी छताचे पत्रे चढवणारे येणार, आणि भाऊ दर तासाला येऊन विचारतोय, ताई, झालं का? कमी पडले म्हणून सांगायचं तर त्यालाच सांगावं लागलं असतं. तिने ते चार नग चौदाव्या थरात टाकले आणि बाकीची भिंत तशीच उचलली. आपल्याला मोजता आलं नाही, या गोष्टीने तिला अकरा वर्षं पोखरलं. तेव्हापासून ती प्रत्येक नग तीनदा मोजायची आणि तरी तिच्या जिवाला स्वस्थता नसायची.

यंदा लाँड्रीला एका मोठ्या हॉटेलचं काम मिळालं. चादरींचे ढीग, टॉवेलांचे ढीग. त्यासाठी नवीन मशीन यायचं होतं, ते मावेना, म्हणून मागची भिंत पाडून सहा फूट मागे न्यायचं ठरलं. भावाने एका कंत्राटदाराशी बोलणी केली. ही बातमी सूतभरला भावजयीकडून कळली, आणि भावजयीने ती मुद्दाम कळवली होती हे ओळखण्याइतकी ती शहाणी होती.

ती भिंत तिला हवी होती. दुसरी कुठलीही नको, तीच हवी होती. गुडघे दोन्ही कुरकुरत होते, डॉक्टरांनी परांचीवर चढणं बंद करायला सांगितलं होतं, फार तर आणखी दोन-तीन भिंती तिच्या हातून होणार होत्या. त्यांत ही नसली तर ती शेवटपर्यंत फुकटात जिना काढून देणारी बाईच राहणार होती. ती सरळ भावाकडे गेली आणि म्हणाली, भिंत मी बांधते. भाऊ म्हणाला, अगं तुझे गुडघे, तुझं वय, उन्हातान्हात कशाला. याला नको म्हणायचं असलं की हा काळजी करायला लागायचा, लहानपणापासून. तिने वाद घातला नाही. निदान जुनी भिंत पाडण्याआधी एकदा बघू तरी दे, एवढंच म्हणाली, आणि नऊ वर्षांनी काउंटरच्या पलीकडे गेली.

तडा तसाच होता, फक्त आता त्यात रंगाचे चार थर भरलेले होते. वरून कसा दिसतो ते बघावं म्हणून ती एकेक पायरी मोजत माळ्यावर चढली. हा माळा तिची भिंत झाल्यावर काढलेला, तिने कधी पाहिलेला नव्हता. वर शर्टच शर्ट. पांढरे, निळे, चौकड्यांचे, शंभरावर तरी असतील, सगळे हँगरला ओळीने लटकलेले. बाजूला सारत ती भिंतीकडे निघाली आणि सहज तिची नजर वर गेली. हँगर ज्याला अडकवले होते ती दोरी नव्हती, नळीही नव्हती. दोन लांब तारा, आणि दर सोळा इंचांवर एक आडवी काडी. छताला टांगलेल्या तारेच्या शिड्या.

तिने एका तारेवर अंगठा फिरवला. जस्ताचा जाड मुलामा. रुंदी मोजली, सहा इंच, आठ इंची ब्लॉकच्या भिंतीला लागते तेवढीच. मग नग मोजले. चौदा. पुन्हा मोजले, आणि सवयीने तिसऱ्यांदाही मोजले. चौदाच. तिच्या अंगाचा असा तिळपापड झाला की गुडघे दुखतात हेही ती विसरली. चादरींच्या टोपलीवर बसली आणि हाक मारली, "बाळ्या, वर ये."

बाळ्या म्हणजे पन्नाशीचा, टक्कल पडलेला लाँड्रीमालक. तो धापा टाकत वर आला. हे कुठून आणलंस, असं तिने विचारल्यावर त्याची छाती चार इंच फुगली. ती भिंत बांधत होती तेव्हा मागच्या अंगणात ब्लॉकच्या गठ्ठ्यांशेजारी पडलेलं होतं म्हणे. पॅकिंगचं काहीतरी असणार, टाकून देणारच होते, म्हणून यानं उचललं. इतकं सोयीचं की काय सांगू. मधे काड्या आहेत त्यामुळे हँगर एकमेकांवर घसरत नाहीत. अकरा वर्षं वाफेत आहे, पण गंजाचा ठिपका नाही, एका शर्टावर डाग नाही.

"गंजणार कसं?" ती म्हणाली. "मी निवडून आणलेली वायर आहे ती. भिंतीत घालायला."

मग तिने सगळं सांगितलं. चाळीस नग, दहावा थर, उरलेले चार. आवाज चढवला नाही, तो आपोआप चढला. भावाने आधी शर्टांकडे बघितलं, मग तड्याकडे, मग पुन्हा शर्टांकडे. आयुष्यात पहिल्यांदा त्याला विनोद सुचेना. 

"ताई, एकदा तरी सांगायचंस. वायर कमी पडली म्हणून."

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाला असतास?"

माणूस टिंगलखोर होता, पण खोटारडा नव्हता. त्याने मान खाली घातली. "ताईला मोजता येत नाही, असं म्हणालो असतो."

"म्हणून नाही सांगितलं."

खाली ड्रायर घरघरत होता. ताईचा राग निवत चालला होता आणि त्याच्या तळाशी काय आहे ते तिला दिसायला लागलं होतं, ते काही तिला आवडलं नाही. पण ती बोलली. "तू नग नेलेस, ती तुझी चूक. कमी आहेत हे कळूनही मी थांबले नाही, ती माझी. गवंडी मी आहे. तुझी चूक लहान आहे, बाळ्या."

खालून भावजयीने ओरडून विचारलं, कंत्राटदाराला काय कळवू? भाऊ माळ्याच्या कडेशी गेला आणि खाली ओरडला की त्याला येऊ नको म्हणून सांग. भावजय म्हणाली, मघाशीच सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून भावाला पश्चात्तापाचा असा झटका आला की विचारू नका. सगळे शर्ट उतरवून, चौदाच्या चौदा शिड्या पुसून त्याने ताईच्या दारात आणून ठेवल्या. ह्याच घाल म्हणाला. तिने एक उचलून डोळ्याशी धरली. अकरा वर्षं शर्टांचं वजन वाहून ती मधे पोटाला आली होती. वायर सरळ नसेल तर मालात सरळ निजत नाही, एकीकडे माल जास्त, एकीकडे कमी. "परत ने आणि शर्ट टांग," ती म्हणाली. "आता त्या लाँड्रीच्याच झाल्या." मग तो दुकानात तरी बरोबर येतो म्हणून मागे लागला. आला, आणि दुकानदाराच्या आधी हाच बोलायला लागला.

दुकानात वायर दोन तऱ्हेची. एक शिडीची, काड्या सरळ आडव्या. दुसरी कैचीची, मधली तार नागमोडी वळत जाणारी. भावाला कैची बघताक्षणी आवडली. दणकट दिसते, हीच घेऊ, जाडातली जाड दे. दुकानदारही खूश, म्हणाला साहेबांना पारख आहे. सूतभरने एक रिकामा ब्लॉक मागवला, त्यावर कैची ठेवली आणि भावाला वाकून बघायला लावलं. ब्लॉकच्या पोटातल्या दोन पोकळ्यांवरून ती तिरपी तार आडवी जात होती. नवी भिंत वीस थरांची, म्हणजे पोकळ्यांत उभ्या सळया यायच्या, वरून काँक्रीट ओतायचं, आणि ही तार मधेच पाय घालणार. मग तिने शिडी ठेवली. काडी बरोबर ब्लॉकच्या मधल्या पडदीवर बसली, पोकळ्या मोकळ्या राहिल्या. भावाने दोन्ही आलटून पालटून स्वतः ठेवून बघितल्या आणि दुकानदाराला सांगितलं की कैची आत ठेव.

जाडीवरून त्याने आणखी थोडी हुज्जत घातली. तिने शांतपणे हिशेब सांगितला. दोन थरांमधला माल तीन सूत. वायर दीड सुताहून जाड घेतली तर तिच्याभोवती माल राहणार किती? वर काय आणि खाली काय? मग मुलामा. दुकानदाराने चकचकीत वायर पुढे केली, तिने काडी जिथे तारेला जोडली होती तिथे नख लावलं आणि ती बाजूला सारली. आधी जस्त लावून मग जोडलेली वायर जोडावर उघडी पडते, आणि लाँड्रीची वाफ तिला तिथेच धरते. तिला जोडून झाल्यावर मग जस्तात बुडवलेली हवी होती. ती मागच्या गोदामात होती. दुकानदार कुरकुरत गेला, आणि भाऊ त्याच्या मागे मागे गेला, ती तीच आहे का हे बघायला.

काम सुरू झालं. मदतीला तिने एक जुना जोडीदार गवंडी घेतला, तिच्याइतकाच म्हातारा, कामाला वाघ आणि बोलायला कंजूष. भावाने लाँड्री भावजयीवर सोपवली आणि आपण वायरच्या ढिगाशेजारी खुर्ची टाकून बसला. कोणी एक नग उचलला की याची नजर त्याच्याबरोबर जायची. भिंतीच्या मध्यावर तिने एक सांधा मुद्दाम मोकळा ठेवला होता, तळापासून माथ्यापर्यंत. तिथे पोचली की ती वायर कापायची. पहिल्यांदा कापली तेव्हा भाऊ खुर्चीवरून उठलाच. अख्खी वायर का कापतेस? तिने समजावलं की भिंतीला हलायला एक जागा ठेवावी लागते, तिथे वायर आरपार नेली तर तो सांधा कशाला ठेवला? पटायला त्याला चार थर लागले. पण पाचव्याला तो जोडीदार गवंड्यालाच दम देत होता, म्हणे, सांध्यावर कापली का, दाखव, आणि टोकं एकावर एक वीतभर घेतोस ना?

मधेच भावजय आली आणि म्हणाली, वन्सं, इस्त्रीच्या टेबलावर उजेड पडत नाही, एक खिडकी मिळेल का? खिडकी चांगली कल्पना होती. सूतभरने जागा धरली, खिडकीच्या खाली आणि वर वायरचे जादा तुकडे घातले, दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट पुढे नेऊन, कारण भिंत फाटली तर खिडकी-दाराच्या कोपऱ्यावरून आधी फाटते. सगळं रीतीप्रमाणे झालं. भिंत अशी चढत होती की रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे, आणि भाऊ त्यांना न विचारता दीड सुताचा हिशेब सांगायचा.

अठराव्या थरावर ती परांचीवर होती. माल पसरला, हात खाली केला, आणि जोडीदाराने दोन नग वर दिले. तिने आणखी मागितले. तो म्हणाला, एवढेच. तिने वरून ढिगाच्या जागेकडे बघितलं. तिथे नुसती जमीन होती. शेवटच्या ओळीला चार हवे होते. तिने मनातल्या मनात हिशेब लावला आणि तो लगेच लागला. खिडकी. खिडकीचे जादा तुकडे तिने धरलेच नव्हते.

खाली भाऊ उन्हासाठी कपाळावर हात धरून वर बघत होता. या वेळी त्याने एकही नग नेलेला नव्हता, अंगणात अकरा दिवस तोच तर राखण करत होता. जोडीदार काही बोलणारा नव्हता. दोन नगांत ओळ अर्ध्यापर्यंत येत होती, पुढे तीन सुतांचा माल पसरला की आत काय आहे ते कोणाला कधी कळलं नसतं. मग तिने थापी बाजूला ठेवली.

"बाळ्या, दोन नग कमी पडले," ती म्हणाली, अंगणातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "मी मोजायला चुकले. खिडकीचे धरले नाहीत."

भावाचं तोंड उघडलं. त्याला काहीतरी सुचलं होतं, हे वरूनसुद्धा दिसत होतं, आणि तिने ते ऐकायची तयारी केली. पण त्याने तोंड मिटलं, लाँड्रीच्या गाडीची किल्ली खिशातून काढली आणि वर बघून विचारलं, "शिडीचीच ना? दीड सुताची, जोडून मग बुडवलेली?"

"हो."

"दोनच आणू?"

"दोनच. मोजलेत मी."

"मग दोनच," तो म्हणाला आणि निघाला.

गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती बघत राहिली. मग परांचीच्या फळीवर नीट टेकून बसली, पाय खाली सोडले, आणि जोडीदाराला म्हणाली, तूही बस, आता घाई नाही. भावजयीने खिडकीच्या मोकळ्या चौकटीतून दोन कप चहा बाहेर दिला, तो त्यांनी गरम असतानाच प्यायला.